नागरी हक्क चळवळ तिसरीच्या वर्गात शिकवण्याचा संच : काय घ्यावे, काय वगळावे

मी अमेरिकेतल्या एका सरकारी प्राथमिक शाळेत तिसरीच्या वर्गाला शिकवते. कृष्णवर्णीयांचा इतिहास आणि १९५०-६० च्या दशकांत त्यांनी समान हक्कांसाठी दिलेला लढा, म्हणजे नागरी हक्क चळवळ, हे विषय दुसरी ते चौथीच्या मुलांना शिकवण्यासाठी तयार केलेला एक संच आमच्या स्कूल डिस्ट्रिक्टने, म्हणजे इथल्या सरकारी शाळांचा कारभार पाहणाऱ्या संस्थेने, विकत घेतला आणि तो आता वर्गात पुरता वापरून झाला आहे. प्रकाशकाचे नाव इथे देत नाही, कारण या विषयावर शाळांना विकले जाणारे बरेचसे संच याच धर्तीचे असतात आणि पुढे लिहिलेले गुणदोष असा कोणताही संच निवडताना उपयोगी पडावेत अशी माझी इच्छा आहे. खोक्यात मोठ्या आकाराची छायाचित्रे, काही मूळ कागदपत्रांच्या प्रती, मुलांसाठी पातळ वाचनपुस्तिका, भिंतीवर लावायची कालपट्टी, शिक्षकांसाठी मार्गदर्शिका आणि पालकांना पाठवायचे पत्र असे साहित्य आहे. किंमत २०० डॉलरच्या आसपास आहे.

आधीच सांगते, की छायाचित्रे आणि कागदपत्रे उत्तम आहेत, वाचनपुस्तिका साधारण आहेत, मार्गदर्शिका अर्धीच विश्वासार्ह आहे आणि तिच्यातला एक उपक्रम कोणत्याही वर्गात करू नये असा आहे. संच तयार करणाऱ्यांनी चित्रे निवडताना मुलांच्या बुद्धीवर भरवसा ठेवला, मजकूर लिहिताना मात्र तो ठेवला नाही, आणि संचातले बहुतेक दोष या एका गोष्टीतून आले आहेत.

सर्वांत मोलाचा भाग अलाबामा राज्यातल्या मॉंटगोमेरी शहराच्या बस बहिष्काराचा आहे. १ डिसेंबर १९५५ रोजी बसमधली जागा सोडायला नकार दिल्याबद्दल रोझा पार्क्स या कृष्णवर्णीय महिलेला अटक झाली, ५ डिसेंबरला कृष्णवर्णीयांचा बसवरचा बहिष्कार सुरू झाला आणि तो ३८१ दिवस चालला, एवढे कोणत्याही शालेय पुस्तकात मिळते. या संचात मात्र त्या बसमधल्या आसनांचा जो आराखडा पुढे न्यायालयात सादर झाला होता आणि आज राष्ट्रीय अभिलेखागारात जपून ठेवलेला आहे, त्याची प्रत दिली आहे. पुढच्या रांगा गोऱ्या प्रवाशांसाठी राखीव, मागच्या कृष्णवर्णीयांसाठी, आणि मधल्या रांगांत कृष्णवर्णीयांनी बसायचे ते गोऱ्या प्रवाशांना जागा कमी पडेपर्यंतच, अशी ती व्यवस्था होती. पार्क्स मधल्या रांगेत बसल्या होत्या. पुढच्या जागा भरल्या आणि एका गोऱ्या प्रवाशाला उभे राहावे लागले, तेव्हा चालकाने त्या रांगेतल्या चारही कृष्णवर्णीय प्रवाशांना उठायला सांगितले. तिघे उठले, पार्क्स उठल्या नाहीत.

हा आराखडा हाती आल्यावर माझ्या वर्गातल्या एका मुलीने बोटाने त्या चार जागा मोजल्या आणि विचारले, की त्या माणसाला एकच जागा हवी होती तर चौघांनी का उठायचे? मार्गदर्शिकेत या प्रश्नाचा उल्लेखही नाही, आणि खरे पाहता सगळा धडा या प्रश्नातच आहे. गोरा माणूस ज्या रांगेत बसेल त्या रांगेत कृष्णवर्णीय माणसाने बसायचेच नाही, मग जागा रिकाम्या राहिल्या तरी चालतील, असा तो नियम होता. बसायला जागा कोणाला मिळते यापेक्षा कोण कोणाच्या बरोबरीने बसू शकतो हे ठरवण्यासाठी तो केलेला होता, हे आठ वर्षांच्या मुलांना त्या चार चौकोनांवरून समजले, आणि मला त्यासाठी एकही अवघड शब्द वापरावा लागला नाही. तिकिटाचे पैसे पुढच्या दाराने चढून चालकाला द्यायचे आणि मग पुन्हा खाली उतरून मागच्या दाराने आत यायचे, ही तिथली पद्धत सांगितल्यावर तर मुलांनी लगेच ओळखले, की चालकाने मध्येच बस सुरू केली तर तो माणूस रस्त्यावर राहील. तसे प्रत्यक्षात घडतही असे.

याच भागातला दुसरा चांगला उपक्रम म्हणजे बसशिवाय शहर कसे चालवायचे याचे नियोजन. मुलांना शहराचा एक साधा नकाशा दिला जातो, त्यावर घरे, कामाची ठिकाणे, चर्च आणि शाळा दाखवलेल्या असतात, आणि हजारो माणसांना रोज कामावर नेऊन परत आणायचे असेल तर काय काय लागेल याची यादी गटागटाने करायची असते. गाड्या किती, चालवणार कोण, माणसांनी थांबायचे कुठे, पेट्रोलला पैसे कुठून आणायचे, हे प्रश्न मुले आपणहून विचारू लागतात. मग त्यांच्या याद्यांशेजारी प्रत्यक्षात काय झाले ते ठेवता येते. विमेन्स पोलिटिकल काउन्सिल या कृष्णवर्णीय महिलांच्या संघटनेच्या जो ॲन रॉबिन्सन यांनी अटकेच्या रात्रीच अलाबामा स्टेट कॉलेजमधल्या यंत्रावर हजारो पत्रके छापून घेतली आणि दुसऱ्या दिवशी ती गावभर पोहोचवली. कृष्णवर्णीय टॅक्सीचालकांनी बसच्या तिकिटाइतकेच, म्हणजे १० सेंट भाडे घ्यायला सुरुवात केली, आणि शहराच्या अधिकाऱ्यांनी किमान भाड्याच्या नियमावर बोट ठेवून ते बंद पाडल्यावर खासगी गाड्यांची व्यवस्था उभी राहिली. लुइझियानातल्या बॅटन रूज शहरात १९५३ मध्ये झालेल्या बहिष्काराचा अनुभव तिच्यामागे होता. जॉर्जिया गिलमोर यांनी इतर बायकांना जमवून केक, इतर गोड पदार्थ आणि जेवण विकून पैसा उभा केला. पुढे १९२१ च्या एका बहिष्कारविरोधी कायद्याचा आधार घेऊन ऐंशीहून अधिक लोकांवर खटले भरले गेले, तरी माणसे चालतच कामावर जात राहिली.

हा उपक्रम मला इतका महत्त्वाचा वाटतो याचे कारण असे, की चळवळ म्हणजे एका शूर व्यक्तीने एका दिवशी केलेली गोष्ट, ही जी समजूत प्राथमिक शाळेत हमखास तयार होते ती यातून आपोआप दूर होते. मुलांना शौर्य आवडते आणि ते आवडावेच. पण शूर माणसाच्या पाठीशी पत्रके छापणारी, गाडी चालवणारी आणि केक भाजणारी माणसे होती हे कळले, की आपणही त्यांच्यापैकी कोणीतरी होऊ शकतो हे मुलांना दिसते. माझ्या वर्गात बहुतेकांनी गाडी चालवण्याचे काम मागितले, आणि एका मुलाने गाड्यांच्या वेळा लिहिणारा मनुष्य व्हायचे ठरवले. त्या मुलाने केलेले वेळापत्रक खरोखरच चालण्याजोगे होते.

दुर्दैवाने याच विषयावरची वाचनपुस्तिका या सगळ्यावर पाणी ओतते. तिच्यात रोझा पार्क्स या दिवसभराच्या कामाने थकलेल्या शिवणकाम करणाऱ्या बाई म्हणून येतात, उठायला नकार देतात आणि त्यानंतर कायदा बदलतो. पार्क्स त्या वेळी ४२ वर्षांच्या होत्या, कृष्णवर्णीयांच्या हक्कांसाठी लढणाऱ्या एनएएसीपी या संघटनेच्या मॉंटगोमेरी शाखेच्या सचिव म्हणून त्यांनी बरीच वर्षे काम केले होते आणि त्याच उन्हाळ्यात टेनेसीतल्या हायलँडर फोक स्कूल या कार्यकर्त्यांच्या केंद्रात त्या प्रशिक्षणाला जाऊन आल्या होत्या. आपण त्या दिवशी रोजच्यापेक्षा जास्त थकलेल्या नव्हतो, हे त्यांनी स्वतः आत्मचरित्रात स्पष्ट केले आहे. त्यांच्याआधी नऊ महिने, २ मार्च १९५५ रोजी, क्लॉडेट कॉल्व्हिन या पंधरा वर्षांच्या विद्यार्थिनीला याच कारणावरून अटक झाली होती. पुस्तिकेत तिचे नावही नाही. बसमधला भेदभाव शेवटी ज्या खटल्यामुळे संपला त्यात वादी म्हणून ऑरेलिया ब्राउडर, सूझी मॅक्डॉनल्ड, मेरी लुईस स्मिथ आणि हीच कॉल्व्हिन अशा चौघीजणी होत्या आणि पार्क्स त्यांत नव्हत्या, हे मुलांना सांगितले तर पार्क्स यांचे महत्त्व कमी होत नाही. उलट, एकीने नकार दिला, दुसऱ्यांनी न्यायालयात साक्ष दिली आणि हजारो माणसे वर्षभर चालली, असा पूर्ण व्यवहार समोर येतो. मी पुस्तिका बाजूला ठेवून छायाचित्रांवरूनच हा भाग शिकवते.

रूबी ब्रिजेस यांच्यावरचा भाग मुलांना सर्वांत जवळचा वाटतो, कारण १४ नोव्हेंबर १९६० रोजी न्यू ऑर्लिन्सच्या, तोवर फक्त गोऱ्या मुलांसाठी असलेल्या विल्यम फ्रँट्झ प्राथमिक शाळेत पाऊल टाकताना ही कृष्णवर्णीय मुलगी सहा वर्षांची होती. संचातले छायाचित्र स्वच्छ आणि मोठे आहे. पायऱ्या, लहानशी मुलगी आणि तिच्याभोवतीचे मार्शल, म्हणजे केंद्र सरकारचे सुरक्षा अधिकारी, त्यात स्पष्ट दिसतात. बार्बरा हेन्री या बॉस्टनहून आलेल्या गोऱ्या शिक्षिकेने वर्षभर तिला एकटीला शिकवले, कारण इतर पालकांनी आपली मुले काढून घेतली होती, हेही चांगले सांगितले आहे. पण शाळेबाहेर जमून आरडाओरडा करणाऱ्या जमावाचे एकही चित्र संचात नाही. लहान मुले घाबरतील म्हणून ते टाळले असावे आणि त्या काळजीचा मला आदर आहे. तरीही जमाव दाखवला नाही तर मार्शल तिथे का आहेत हेच कळत नाही. मुले विचारतात, की हिने काही केले होते का, हिला पकडून नेत आहेत का? मार्गदर्शिका सुचवते, की मार्शल तिला मदत करत होते असे सांगावे. कोणापासून, हे ती सांगत नाही. त्या जमावात त्याच वस्तीतल्या मोठ्या माणसांचा, अनेक मुलांच्या आयांचा भरणा होता, आणि हे आठ वर्षांच्या मुलाला शांत आवाजात सांगता येते. रूबीच्या वडिलांची नोकरी गेली, मिसिसिपीत खंडाने शेती करणाऱ्या तिच्या आजी-आजोबांना जमीन सोडावी लागली, ही किंमतही सांगावी. त्याच दिवशी त्याच शहरातल्या दुसऱ्या एका शाळेत आणखी तीन लहान मुलींनी प्रवेश केला होता, याचा उल्लेख कालपट्टीत तरी असायला हवा होता.

कालपट्टीची दुसरी अडचण अधिक गंभीर आहे. १७ मे १९५४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सरकारी शाळांमधला वर्णभेद घटनाबाह्य ठरवला, त्या चौकोनाला लागूनच रूबीचा चौकोन आहे. दोन्हींमध्ये सहा वर्षे गेली हे पट्टीवर दिसत नाही आणि ती वर्षे का गेली हे कुठेच लिहिलेले नाही. मी तिथे व्हर्जिनियातल्या प्रिन्स एडवर्ड काउंटीची गोष्ट घालते. तिथल्या एका कृष्णवर्णीय हायस्कूलमध्ये जागा इतकी अपुरी होती की डांबरी कागद लावलेल्या खोपटांमध्ये वर्ग भरत, आणि १९५१ मध्ये बार्बरा जॉन्स या सोळा वर्षांच्या विद्यार्थिनीने सगळ्या शाळेला संपावर नेले. तिथला खटला पुढे १९५४ च्या निकालात समाविष्ट झाला. निकाल विरुद्ध गेल्यावर काउंटीने गोऱ्या आणि कृष्णवर्णीय मुलांना एकत्र बसवण्याऐवजी १९५९ ते १९६४ अशी पाच वर्षे सरकारी शाळाच बंद ठेवल्या. गोऱ्या मुलांसाठी खासगी शाळा निघाली आणि कृष्णवर्णीय मुलांपैकी अनेकांचे शिक्षण तुटले. माझ्या वर्गात या गोष्टीवर जितकी चर्चा झाली तितकी दुसऱ्या कशावरही झाली नाही. शाळेला सुट्टी मिळाली तर आनंद होतो असे मानणारी मुले पाच वर्षांचा हिशेब करू लागली. आपण आत्ता तिसरीत आहोत म्हणजे आठवीपर्यंत घरी, असे एकाने मोठ्याने म्हटले आणि मग बराच वेळ प्रश्न येत राहिले.

हिंसा किती सांगावी, हा प्रत्येक शिक्षकापुढचा खरा प्रश्न आहे आणि संच तो टाळतो. मे १९६३ मध्ये अलाबामातल्या बर्मिंगहॅममध्ये हजाराहून अधिक कृष्णवर्णीय विद्यार्थी वर्ग सोडून मोर्चात उतरले, शेकडो तुरुंगात गेले, ऑड्री फे हेन्ड्रिक्स ही नऊ वर्षांची मुलगी आठवडाभर कोठडीत होती, हा भाग संचात आहे आणि मुले तो श्वास रोखून ऐकतात. मात्र पोलिसांचे कुत्रे आणि अग्निशमन दलाच्या पाण्याचे फवारे यांचा उल्लेख एका अर्ध्या वाक्यात उरकला आहे, आणि त्याच वर्षी १५ सप्टेंबरला सिक्स्टीन्थ स्ट्रीट बॅप्टिस्ट चर्चमध्ये झालेल्या बॉम्बस्फोटात चार मुली मारल्या गेल्या ही घटना तर शिक्षकांच्या टिपणांतही नाही. तिसरीत त्या स्फोटाची छायाचित्रे दाखवू नयेत, असे माझेही ठाम मत आहे. पण मुलांपैकी कोणी घरी ऐकून येते आणि वर्गात विचारते, तेव्हा शिक्षकाजवळ दोन खरी, साधी वाक्ये तयार असावी लागतात. फवाऱ्यांचे एक छायाचित्र मी दाखवते, तेही ज्यात मुले एकमेकांचे हात धरून उभी आहेत असे. काय सोसले आणि कसे सोसले हे दोन्ही त्यात दिसते.

आता मार्गदर्शिकेच्या भाषेबद्दल थोडे विस्ताराने लिहिणे भाग आहे. तिच्यात अन्याय सतत आपोआप घडतो. कृष्णवर्णीयांना मतदान करता येत नव्हते, त्यांना चांगल्या शाळा मिळत नव्हत्या, त्यांना उपाहारगृहात बसू दिले जात नव्हते. हे सगळे करणारे कोण, याचे उत्तर पानोपानी शोधूनही सापडत नाही. २०२१ पासून टेक्सस, टेनेसी, फ्लोरिडा अशा अनेक राज्यांत वंशविषयक अध्यापनावर मर्यादा घालणारे कायदे झाले आहेत आणि सगळ्या राज्यांत विकता यावा म्हणून प्रकाशकाने हात आखडता घेतला असावा हे समजण्यासारखे आहे. परंतु कर्ता गाळला की मुलांना कारणही कळत नाही. मतदार नोंदणी करणारा अधिकारी कृष्णवर्णीय नागरिकाला मुद्दाम अवघड प्रश्न विचारून नापास करत असे, मत देण्यासाठी कर भरावा लागत असे आणि गरिबांना तो परवडत नसे, नोंदणीला गेलेल्या माणसाला मालक कामावरून काढत असे, अशी कर्ता सांगणारी वाक्ये मुलांना लगेच समजतात. ७ मार्च १९६५ रोजी अलाबामातल्या सेल्मामध्ये मतदानाच्या हक्कासाठी पुलावरून शांतपणे चालणाऱ्यांवर पोलिसांनी हल्ला केला आणि ६ ऑगस्टला मतदान हक्क कायदा झाला, या दोन घटनांमधला संबंधही मग उलगडतो. गोरी मुले अपराधी वाटून खचतील, ही भीती मार्गदर्शिकेच्या प्रस्तावनेत व्यक्त केली आहे. माझ्या वर्गात मला ते दिसले नाही. या वयाची मुले गोष्ट ऐकताना आपण कोणाच्या बाजूने उभे राहिलो असतो हे शोधत असतात, आणि बार्बरा हेन्रींसारखी माणसे त्यांना त्यासाठीच हवी असतात.

वर उल्लेख केलेला वर्ज्य उपक्रम असा : मुलांना दोन रंगांच्या चिकट्या लावायच्या, एका रंगाच्या मुलांना दिवसभर मागे बसवायचे, पाणी प्यायला शेवटी पाठवायचे आणि संध्याकाळी कसे वाटले ते विचारायचे. या कल्पनेचे मूळ आयोवा राज्यातल्या राइसव्हिल गावी जेन एलियट या शिक्षिकेने १९६८ मध्ये, मार्टिन लूथर किंग यांच्या हत्येच्या दुसऱ्या दिवशी, तिसरीच्याच वर्गात डोळ्यांच्या रंगावरून केलेल्या प्रयोगात आहे. त्या वर्गात सगळी मुले गोरी होती. माझ्या वर्गात नाहीत, आणि ज्या मुलाला दुकानात किंवा मैदानावर असा अनुभव आधीच आलेला असतो त्याला तो शाळेने पुन्हा देण्याचे काहीही कारण नाही. मागे बसवलेली मुले अपमान शिकतात, पुढे बसवलेली मुले तो दिवस खेळ म्हणून लक्षात ठेवतात, आणि संपूर्ण समाजाने कायदा, पोलीस आणि न्यायालये वापरून पिढ्यानपिढ्या चालवलेली व्यवस्था एका दिवसाच्या चिकटीएवढी लहान होऊन जाते. ही पाने मी मार्गदर्शिकेतून काढून टाकली आहेत आणि इतर शिक्षकांनाही तेच करायला सांगते.

संचाची सुरुवात साखळदंडांच्या चित्राने होते, हेही मला मान्य नाही. वर्गातल्या कृष्णवर्णीय मुलाला आपल्या पूर्वजांची पहिली ओळख साखळदंडांत होऊ नये. १६१९ मध्ये आफ्रिकेतून पकडून आणून व्हर्जिनियाच्या किनाऱ्यावर उतरवलेल्या त्या माणसांना त्याआधी घर होते, भाषा होती, शेती आणि कारागिरी येत होती, हे आधी यावे. पुढे १८६५ मध्ये गुलामगिरी संपल्यानंतर कालपट्टी थेट १९५४ वर उडी मारते. मधल्या सुमारे ९० वर्षांत १८७० मध्ये हायरम रेव्हल्स हे कृष्णवर्णीय नेते मिसिसिपीतून सिनेटवर गेले आणि १८९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कृष्णवर्णीयांना वेगळे ठेवण्याला मान्यता दिली, म्हणजे हक्क मिळाले होते आणि ते काढून घेतले गेले, ही गोष्ट मुलांनी ऐकलीच नाही तर त्यांना वाटते की सगळे फक्त पुढेच सरकत असते. मी रॉबर्ट स्मॉल्स यांची हकिकत इथे जोडते. १३ मे १८६२ च्या पहाटे, यादवी युद्ध चालू असताना, गुलामगिरी टिकवू पाहणाऱ्या दक्षिणेतल्या चार्ल्सटन बंदरात गुलाम म्हणून राबणाऱ्या या नाविकाने कप्तानाची टोपी घालून प्लँटर हे जहाज ताब्यात घेतले, ठरलेल्या खुणा देत किल्ल्यांसमोरून ते बाहेर काढले आणि आपल्या कुटुंबासह सगळ्यांना स्वतंत्र केले. पुढे ते काँग्रेसवर निवडून गेले. ही गोष्ट सांगितल्यावर माझ्या वर्गातली मुले मधल्या सुट्टीत तीच खेळत होती.

ज्या कार्टर वुडसन या इतिहासकारांनी १९२६ च्या फेब्रुवारीत या इतिहासाचा सप्ताह सुरू केला, आणि ज्यातून १९७६ पासून पूर्ण महिना साजरा होऊ लागला, त्यांच्यावर संचात छोटेखानी पण नेटके पान आहे. किंग यांच्यावरचे पान मात्र २८ ऑगस्ट १९६३ च्या वॉशिंग्टन मोर्चातल्या भाषणापाशीच संपते. तो मोर्चा नोकऱ्या आणि स्वातंत्र्य या दोन्हींसाठी होता, त्याच्या मागण्यांत ताशी २ डॉलर किमान वेतनाची मागणी होती, आणि किंग १९६८ मध्ये मेम्फिसला गेले ते संपावरच्या सफाई कामगारांच्या पाठीशी उभे राहायला, हे त्यात नाही. मोर्चाचे नियोजन बेयर्ड रस्टिन यांनी केले आणि न्यूयॉर्कच्या रिव्हरसाइड चर्चमध्ये स्वयंसेवकांनी जेवणाची हजारो पाकिटे बांधली, ही माहिती मी मॉंटगोमेरीच्या नियोजनाला जोडून देते. शास्त्रज्ञ आणि खेळाडूंची चित्रे ठीक आहेत. धड्यांच्या शेवटी दिलेल्या सनावळीच्या चाचण्या वगळाव्यात.

पालकांना द्यायचे पत्र इंग्रजी आणि स्पॅनिशमध्ये आहे आणि चांगले आहे, पण ते फक्त कृष्णवर्णीय आणि गोऱ्या कुटुंबांना उद्देशून लिहिल्यासारखे वाटते. भारतीय पालकांपैकी काहीजण मला विचारतात, की हा इतिहास आमच्या मुलांचा कसा? नागरी हक्क चळवळीने जे वातावरण तयार केले त्यातच १९६५ चा स्थलांतर कायदा झाला, देशवार कोट्याची जुनी पद्धत गेली आणि आपल्यासारख्यांना इथे येण्याची वाट खुली झाली, हे मी त्यांना सांगते. मराठी घर असेल तर जोतीराव फुल्यांनी १८७३ मध्ये आपला ‘गुलामगिरी’ हा ग्रंथ गुलामांना दास्यातून मुक्त करणाऱ्या अमेरिकेतल्या सदाचारी लोकांना अर्पण केला होता, तेही सांगते. त्या पालकांच्या चेहऱ्यावरचा परकेपणा मग पुष्कळ कमी झालेला असतो, आणि पत्रात अशा कुटुंबांसाठी एक परिच्छेद घालणे प्रकाशकाला मुळीच अवघड नव्हते.

खरेदीचा विचार करणाऱ्या शिक्षकांनी छायाचित्रे आणि कागदपत्रे वेगळी मिळतात का ते आधी विचारावे; आमच्या संचाच्या बाबतीत ती मिळतात आणि खर्च बराच कमी होतो. बस आराखड्यासारखी मूळ कागदपत्रे राष्ट्रीय अभिलेखागाराच्या संकेतस्थळावर विनामूल्य पाहता येतात आणि छायाचित्रांचा मोठा साठा लायब्ररी ऑफ काँग्रेसकडे आहे, त्यामुळे ज्या शाळेकडे पैसे नाहीत तिला अडून राहण्याचे कारण नाही. पूर्ण संच घ्यायचाच असेल तर तो उन्हाळ्यात मागवावा, मार्गदर्शिका स्वतः वाचून तिच्या समासात कर्ते लिहून काढावेत आणि विषय सप्टेंबरमध्येच सुरू करावा. मॉंटगोमेरीच्या एकट्या नियोजनाला दोन आठवडे सहज लागतात आणि फेब्रुवारीच्या २८ दिवसांत तेवढी सवड मिळत नाही.